समुद्रातील बारीक मासळी आणि तिच्यावर जगणारे

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या मंडळ्यांचा समुद्राशी फारसा संबंध येत नाही. आपल्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्यातून वाहत शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते, तेवढेच काय ते आपले समुद्राशी नाते असे आपणांस वाटते. तरी संडे स्कूलच्या वर्गात आपण जाळी, तारवे आणि कोळी यांच्या गोष्टी वारंवार सांगतो. ज्या मुलाने तळ्यापलीकडे पाणी पाहिले नाही, त्यालाही फाटेपर्यंत भरलेल्या जाळ्याचे चित्र तोंडपाठ असते. जाळे भरून आले म्हणजे आनंद, हे मुलांना सहज समजते. जाळे वर आल्यावर पाण्यात काय उरले, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

आठवड्याच्या बाजारात सुकटीची रास आणि सुक्या बोंबलाच्या जुड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. सुकट म्हणजे वाळविलेला जवळा. जवळा हा खरे पाहता मासाच नव्हे. ती कोळंबीच्या वर्गातील, बोटाच्या पेराएवढी जात आहे. पालघर, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर कोळी लोक भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल नावाचे पिशवीसारखे जाळे बांधून ठेवतात. त्यात जवळा सापडतो आणि त्याच जाळ्यात बोंबीलही सापडतो. दोघे एकाच जाळ्यात येण्यास कारण आहे. बोंबलाचे मुख्य खाद्य जवळा हेच आहे, आणि जिकडे चारा तिकडे गुरे, हा न्याय पाण्यातही चालतो. वाकटीसारखे मासेही जवळ्यावर जगतात. म्हणजे बाजारात शेजारी-शेजारी मांडलेल्या या दोन राशींपैकी एक खाणाऱ्याची आहे व दुसरी त्याच्या अन्नाची आहे. ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती पुढच्या बाजाराच्या दिवशी डोळे उघडे ठेवून पाहतील.

ज्या गावांत तळे आहे तेथील वाचकांना याहून जवळचे उदाहरण देता येईल. मरळ हा मासा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तेलुगूत त्यास कोर्रमीनु म्हणतात आणि तेलंगण राज्याने त्यास राज्यमासा म्हणून मान दिला आहे. मरळ हा शिकारी मासा आहे. तळ्यातील लहान मासे, बेडकाची पिले व किडे यांवर तो वाढतो. कोणी बारीक जाळ्याने तळ्यातील चिंगळ्या-बिंगळ्या सगळ्या गाळून नेल्या, तर मरळ जाळ्यात न सापडताही उपाशी राहील. उपाशी मरळ आपल्याच जातीची पिले खातो. त्या तळ्यात मरळीला कोणी हात लावलेला नसतो, तरी दोन वर्षांनी मरळ कमी झालेली दिसते आणि गावात एकमेकांवर चोरीचा आळ घेतला जातो! समुद्रातील गोष्ट हीच आहे. फक्त तेथे तळ्याला बांध नाही आणि काय कमी झाले हे काठावरून दिसत नाही.

आता समुद्राकडे जाऊ. समुद्राच्या वरच्या थरात सूर्यप्रकाश पोचतो तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांवर सूक्ष्म जीव जगतात. या दोहोंना खाणारी जी मासळी थव्याथव्यांनी फिरते, तिच्यात तारली, पेडवे, मांदेली, बांगडा या जाती येतात. मोठ्या माशांना सूक्ष्म वनस्पती खाता येत नाही. सुरमई कितीही मोठी असली तरी पाण्यातील हिरवा अंश तिच्या काही कामाचा नाही. तो आधी तारलीच्या अंगात मांस होऊन यावा लागतो. म्हणून या बारीक मासळीला आम्ही चाऱ्याची मासळी असे म्हणू. सुरमई, कुपा, मुशी हे मासे, डॉल्फिन, तसेच सुरय व कुरव हे समुद्रपक्षी, हे सर्व या एका अरुंद पुलावरून आपले अन्न मिळवितात. पुलाच्या अलीकडे सूक्ष्म जिवांच्या असंख्य जाती आहेत आणि पलीकडे शिकाऱ्यांच्याही पुष्कळ जाती आहेत. मध्ये मात्र थोड्याच जाती, पण त्यांची संख्या अफाट. साधारण हिशेब असा सांगतात की, एक किलो मोठा मासा तयार होण्यास दहा किलोंच्या आसपास लहान मासळी खर्ची पडते. हा आकडा जातीप्रमाणे बदलतो, पण वर्गात सांगण्यास पुरेसा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावर ही साखळी स्पष्ट पाहावयास मिळते. तेथे किनाऱ्याजवळ डॉल्फिन फिरतात. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत तेथे सुरय पक्ष्यांची वीण होते. आणि तेथेच रापण नावाची जुनी मासेमारी आहे, जिची माहिती आपल्या वाचकांस असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे फार लांब जाळे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकीत नेतात आणि दोन्ही टोके वाळूवर आणतात. मग दोन्ही बाजूंस माणसे उभी राहून ते ओढतात. एका रापणीला पुष्कळ हात लागतात. कधी सगळी वाडीच वाळूवर उतरते. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याला वाटा, होडीला वाटा, ओढणाऱ्याला वाटा, आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या टोपलीतही मूठ-दोन मुठी पडतात. मासळी जेव्हा किनाऱ्यापर्यंत स्वतः चालून येते तेव्हाच रापण भरते. थवा आला नाही तर रापण कोरडी. त्यामुळे माणसाची इच्छा कितीही असली तरी रापणीला मर्यादा आपोआप पडते. हा रापणीचा गुण तिच्या ओढणाऱ्यांच्या साधुपणामुळे आला असे आमचे म्हणणे नाही. तो त्या साधनातच आहे.

सन १९७० नंतरच्या दशकात गोवा व कर्नाटक या किनाऱ्यांवर पर्ससीन जाळे आले. यांत्रिक नौका थव्याभोवती फेरी मारते, शेकडो मीटर लांबीचे जाळे भिंतीसारखे पाण्यात सोडते, आणि मग जाळ्याच्या तळाशी ओवलेली दोरी खेचली की बटव्याचे तोंड आवळावे तसा तळ बंद होतो. थवा किनाऱ्याला येण्याची वाट पाहावी लागत नाही. नौकाच थव्याकडे जाते. एका फेऱ्यात आख्खा थवा आत. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर रापणीसारखीच रांपणी नावाची जाळी होती. पर्ससीन आल्यावर थोड्याच वर्षांत त्यांपैकी बहुतेक बंद पडली. गोव्यात रापणकारांनी माथानी सालढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठी चळवळ केली. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखावे, हा त्यांतील एक मुख्य हेतू होता.

कायदा झाला, पण जाळी वाढतच गेली. महाराष्ट्र शासनाने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच चालावी, आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावी, असे त्यात ठरले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने भारताच्या आर्थिक क्षेत्रातील समुद्रात एलईडी दिव्यांच्या साह्याने मासे पकडण्यास मनाई केली. प्रखर दिव्याकडे बारीक मासळी धावते, तिच्यामागे मोठी मासळी येते, आणि दोघीही एकाच जाळ्यात जातात. ही युक्ती किती भयंकर आहे हे सांगण्यास मत्स्यशास्त्र लागत नाही. तरीही मालवण-देवगडच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचे तंटे होतच राहिले. त्यात दोन्ही बाजूंस गाबीत, खारवी, दालदी, ख्रिस्ती अशा सर्व समाजांची माणसे आहेत. पर्ससीनवाल्यावर बँकेचे कर्ज असते आणि त्याच्या नौकेवर पंचवीस-तीस खलाशांची पोटे असतात, हेही शिक्षकांनी विसरू नये. एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला संत असे चित्र मुलांपुढे रंगविले तर ते सोपे होईल, पण खोटे होईल.

तारलीच्या बाबतीत काय घडू शकते हे केरळाने पाहिले. तेथे तारलीला मत्ती म्हणतात आणि ती गरिबाच्या ताटातील रोजची मासळी आहे. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे २०१२ साली केरळात तारलीची आवक ३.९ लाख टनांच्या घरात होती. २०२१ साली ती ३,२९७ टनांवर आली. शंभर टोपल्यांच्या जागी एक टोपलीसुद्धा नाही! नंतरच्या वर्षांत तारली पुन्हा परतली आणि आवक लाख टनांच्या वर गेली, परंतु मधल्या काळात कित्येक होड्या वाळूवरच राहिल्या.

येथे एक सावधगिरीची सूचना आम्ही देऊ इच्छितो. तारली कमी झाली की सगळा दोष जाळ्यावर टाकण्याची घाई करू नये. तारलीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. पावसाळ्यात खोल समुद्रातील थंड, सकस पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती फोफावतात, आणि त्याच सुमारास तारलीची वीण होते. एखाद्या वर्षी समुद्र तापला, पाऊस पुढे-मागे झाला, तर पिले उपाशी मरतात. यांत्रिक नौका येण्यापूर्वीही तारलीचे दुष्काळ पडत असत. १९४० च्या सुमारास मलबार व दक्षिण कानडा किनाऱ्यावर ती इतकी घटली की १९४३ मध्ये तत्कालीन मद्रास सरकारने काही जाळ्यांवर बंदी घातली आणि लहान तारली पकडण्यास मनाई केली. बंदी घातलेल्या जाळ्यांपैकी एकाचे मलबारी नाव मत्तिकोल्ली, म्हणजे तारली मारणारे, असे होते. लोकांनी स्वतःच्या जाळ्याला असे नाव दिले यातच सर्व आले. २०१२ नंतरच्या घसरणीविषयीही संशोधकांनी दोन्ही कारणे सांगितली: समुद्रातील उष्ण वर्षे, आणि वाढ न झालेल्या लहान तारलीची बेसुमार पकड.

मग जाळ्याचा दोष किती? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर शेतकऱ्याला लगेच कळेल. दुष्काळ शेतकरी आणीत नाही. पण ज्याने दुष्काळाच्या वर्षी बियाण्याचे पोतेही विकले, त्याला पुढच्या वर्षी पाऊस येऊन काय उपयोग? थवा लहान झाला तरी थवा म्हणूनच फिरतो. त्यामुळे समुद्रात तारली थोडी उरली असतानाही नौकेला जाळे भरून मिळते, आणि संपत आल्याची खूण शेवटपर्यंत दिसत नाही. रानातील हरणे कमी झाली की पारध्याला दिवसभर हिंडावे लागते, म्हणून तो थांबतो. पर्ससीनला तशी खूण मिळत नाही.

अशा चाऱ्याच्या मासळीचा थारा पूर्ण मोडला तर पुढे काय होते, याची उदाहरणे आपल्या देशाबाहेर आहेत. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नामिबिया देश आहे. तेथे १९६८ साली तारलीच्या जातीची मासळी चौदा लाख टनांच्या आसपास पकडली गेली. त्यानंतर काही वर्षांतच ती मोडली, आणि आजपर्यंत पूर्वीसारखी झालेली नाही. त्या किनाऱ्यावर पेंग्विन आणि गॅनेट नावाचे पक्षी तारलीवर जगत. त्यांची संख्या फार घटली. पेंग्विनांनी गोबी नावाचा दुसरा मासा खाण्यास सुरुवात केली, पण त्यात तारलीइतकी चरबी नाही. पोट भरते आणि अंगी लागत नाही. रिकाम्या जागेत जेलीफिश वाढले. या शतकाच्या आरंभी तेथे शास्त्रज्ञांनी मोजणी केली, तेव्हा जेलीफिशचे वजन सगळ्या माशांच्या वजनाच्या तिप्पट भरले. जेलीफिश माशांची अंडी व पिले खातात, आणि त्यांना खाणारे थोडे. म्हणजे तारलीला परत येण्याची वाटही अडली. जागा रिकामी राहत नाही, हे आपल्याकडच्या गाजरगवतावरून आपणांस ठाऊकच आहे.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची हकीकत निराळ्या अंगाने बोधप्रद आहे. तेथील अँकोव्हेटा ही आपल्या मांदेलीच्या कुळातील बारीक मासळी. ती खाऊन जगणाऱ्या लक्षावधी पक्ष्यांची विष्ठा बेटांवर साठे आणि ते उत्तम खत म्हणून जगभर विकले जाई. म्हणजे पक्ष्यांनी मासे खाल्ले तरी देशाला उत्पन्न होतेच. पुढे अँकोव्हेटाच दळून पशुखाद्य करण्याचे कारखाने निघाले. १९७० साली सव्वा कोटी टनांच्या आसपास मासळी पकडली गेली. एका जातीच्या माशाची एवढी पकड जगाने त्यापूर्वी पाहिली नव्हती. १९७२ मध्ये समुद्र तापला आणि १९७३ मध्ये आवक वीस लाख टनांच्या आसपास आली. पक्षीही मेले. पेरूने नंतर कडक नियम केले, मासळीही परतली, पण पक्षी पूर्वीच्या संख्येने परतले नाहीत.

शिकाऱ्यांसाठी किती मासळी पाण्यात ठेवावी, याचा शोध काही शास्त्रज्ञांनी घेतला. जगातील सात समुद्रभागांतील चौदा जातींच्या समुद्रपक्ष्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी २०११ साली एक निष्कर्ष मांडला. बारीक मासळीचा साठा त्याच्या कमाल प्रमाणाच्या एक तृतीयांशाच्या खाली गेला की पक्ष्यांची पिले वाढेनाशी होतात. इतर शास्त्रज्ञांनी यावर आक्षेपही घेतले आहेत. प्रत्येक शिकारी एकाच चाऱ्यावर अवलंबून नसतो, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. तरीसुद्धा पाण्यात काही भाग ठरवून ठेवावा, हे तत्त्व आमच्या वाचकांना नवे वाटू नये. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा न कापण्याविषयी जो नियम आहे, आणि ज्याच्या आधारावर रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली, तो आपण वर्षातून एकदा तरी शिकवितो. तेथे कडेचे पीक मालकाच्या उदारपणावर सोडलेले नाही. ते आरंभापासूनच त्याच्या हिशेबातून वगळलेले आहे. तसेच अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्षीण व तिची पिले एकदम न घेण्याची आज्ञा आहे. लहान माशांची किमान लांबी ठरविणारे आजचे नियम त्याच जातीचे आहेत. केरळात तारलीसाठी ही लांबी दहा सेंटिमीटर आहे, आणि महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे.

आता आपल्या घराकडे वळू. एवढी बारीक मासळी जाते कोठे? काही ताटात जाते, काही सुकते. पण बराच भाग कुटीच्या कारखान्यांत जातो. कर्नाटक, गोवा व रत्नागिरी या भागांत असे कारखाने आहेत. तेथे मासळी शिजवून, दाबून तेल काढतात आणि उरलेल्याची भुकटी करतात. चार-पाच किलो ओल्या मासळीची एक किलो कुटी होते. ती कोळंबीच्या तळ्यांना, पाळीव माशांना व काही प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पूर्वी जाळ्यात चुकून आलेली पिले कोणी विकत घेत नसे, म्हणून कोळी ती टाळीत. कारखाना तोलून घेऊ लागल्यावर पिलांनाही भाव आला. जी तारली दोन वर्षे वाढली असती, तिला सुरमईने खाल्ले असते किंवा एखाद्या मजुराच्या घरी तिचे कालवण झाले असते, ती चार महिन्यांची असताना भुकटी होते आणि पुष्कळदा परदेशी विकल्या जाणाऱ्या कोळंबीच्या पोटात जाते. पैशाच्या हिशेबात यात वाढ दिसते. मालवणच्या रापणीवरील म्हातारीच्या टोपलीच्या हिशेबात मात्र घट आहे, आणि ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

हा पाठ वर्गात घ्यावयाचा असल्यास शिक्षकांनी ज्वारीचे शंभर दाणे न्यावेत. हे दाणे म्हणजे तारली. एका मुलाला सुरमई, एकाला सुरय पक्षी आणि एकाला रापणकार करावे. प्रत्येक फेरीत त्यांनी थोडे दाणे उचलावेत आणि उरलेल्यांच्या निम्मे दाणे शिक्षकांनी पुन्हा घालावेत, मात्र शंभराच्या वर जाऊ देऊ नयेत. असे चार-पाच फेऱ्या चालू द्यावे. मग चौथ्या मुलाच्या हाती वाटी देऊन त्यास कारखानदार करावे. वाटी आल्यावर किती फेऱ्या खेळ चालतो, हे मुलांनाच मोजू द्यावे. नंतर वाटीवाल्याने प्रत्येक वेळी तेहेतीस दाणे शिल्लक ठेवलेच पाहिजेत, असा नियम करून पुन्हा खेळावे. मुले भांडतील, भांडू द्यावे, कारण नियम कोणी पाळावयाचा व पाळला की नाही हे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न त्या भांडणातूनच निघतो.

एखादे चौकस मूल विचारील की, पाण्यातले मासे दिसत नाहीत तर ते मोजतात कसे? त्याला असे सांगावे. संशोधन संस्थेची माणसे वर्षभर निरनिराळ्या बंदरांवर ठरलेल्या दिवशी जातात. आलेल्या नौकांपैकी काही निवडून त्यांतील मासळी तोलतात, आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. मूठभर तारली घेऊन पट्टीने तिची लांबी मोजतात. मग पोट चिरून गाबोळी तयार झाली आहे की नाही ते पाहतात. टोपल्यांतील तारली वर्षानुवर्षे आखूड होत गेली आणि गाबोळी दिसेनाशी झाली, तर पाण्याखाली वीण घालणारी मासळी संपत आली आहे, असे ते ओळखतात.